जुन्या संगणकानं मिटवलेला वाद

गटाची वही पावसात भिजली आणि एका मावशींचं कर्ज फिटलं की नाही, यावरून वाद पेटला. नोंद होती बंद पडलेल्या संगणकात. मदरबोर्ड जळालेला, पण हार्डडिस्क शाबूत.

भंगारवाल्याकडे तसाच मदरबोर्ड मिळाला, १९९९ साली आलेल्या पेंटियम थ्री प्रोसेसरचा. संगणक शिकलेल्या पोरीला सोबत घेतलं. ब्रशनं धूळ झाडली. मेमरीच्या पट्टीची सोनेरी टोकं खोडरबरानं हलकेच पुसली. नाण्याएवढी ३ व्होल्टची बॅटरी बदलली. ती संपली की संगणक तारीख विसरतो. प्रोसेसरवर नवी पेस्ट लावून पंखा बसवला, हार्डडिस्क जोडली.

पडदा उजळला. मावशींचा शेवटचा हप्ता जमा होता! आम्ही त्यांची माफी मागितली.

बायांनो, हिशेब दोन ठिकाणी ठेवा.