कॅमेऱ्यातील परकी आज्ञावली : धोका कोठे आणि किती?



सिल्वासाहून खानवेलमार्गे दुधनीला गेले की मधुबन धरणाचा जलाशय दिसू लागतो. श्रावणात त्या पाण्यावर ढगांची अखंड ये-जा चालू असते. दर दहा सेकंदांना एक याप्रमाणे दोन तास छायाचित्रे घ्यावीत, ती जोडावीत आणि ढगांची ती धावपळ अर्ध्या मिनिटात पाहावी, असे एखाद्या हौशी छायाचित्रकाराच्या मनात येते. परंतु त्याच्या जुन्या कॅमेऱ्यात तशी सोय नसते. मग कोणी स्नेही सांगतो, "एवढी एक फाइल कार्डावर घाल, तुझाच कॅमेरा हे काम करील, आणि पैही पडणार नाही." ही फाइल कंपनीची नसते. ती घालावी की घालू नये, याचा विचार आज करावयाचा आहे.

डिजिटल कॅमेरा हा भिंग लावलेला एक लहानसा संगणकच होय. कळ दाबताच काय करावयाचे, याच्या आज्ञा त्याच्या कायमच्या स्मृतीत कोरलेल्या असतात. त्यांना फर्मवेअर म्हणतात. परकी आज्ञावली धोक्याची आहे काय, असा सरसकट प्रश्न विचारण्यात फारसा अर्थ नाही. ती राहते कोठे, हे आधी विचारले पाहिजे.

कॅनन कंपनीच्या पॉवरशॉट जातीच्या लहान कॅमेऱ्यांसाठी काही स्वयंसेवकांनी तयार केलेली सीएचडीके ही आज्ञावली कार्डावरच राहते. कार्डाच्या कडेची बारीक खिट्टी कुलूपबंद स्थितीत सरकवली की बहुतेक कॅमेरे सुरू होताना ती आपल्या तात्पुरत्या स्मृतीत ओढून घेतात. खिट्टी मागे घेतली किंवा कार्ड काढले की कॅमेरा पूर्ववत. पाहुणा ओसरीवर बसला, माजघरात आला नाही, असा हा प्रकार आहे.

दुसरी मॅजिक लँटर्न. हे नाव ऐकताच कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांची 'शांबरिक खरोलिका' आठवावी. १८९२ पासून त्यांनी जादूच्या दिव्याचे खेळ केले, तोच हा शब्द. आजची मॅजिक लँटर्न २००९ मध्ये ट्रॅमेल हडसन यांनी कॅननच्या ५डी मार्क टू या कॅमेऱ्यासाठी आरंभिली. त्या कॅमेऱ्यावर चित्रपट घेता येत असे, पण ध्वनीची पातळी हाताने राखता येत नसे. ती उणीव त्यांना दूर करावयाची होती. कंपनीने स्वतः ही सोय २०१० मध्ये दिली. बाहेरच्यांची मागणी अवाजवी नव्हती, एवढे यावरून दिसते.

मॅजिक लँटर्नही कार्डावरच राहते; मात्र 'आरंभी कार्डाकडे पाहा' अशी एक खूण ती कॅमेऱ्याच्या कायम स्मृतीत करून ठेवते. या खुणेमुळे एक गंमत घडते. कार्डावर आरंभाची निशाणी उरली आणि आज्ञावलीच्या फाइली मात्र पुसल्या गेल्या, तर कॅमेरा सुरू होतानाच गोठतो. नवखा मनुष्य घाबरून जातो. बॅटरी काढून दुसरे साधे कार्ड घातले की काम भागते; पण हे ठाऊक नसेल तर ऐन लग्नमंडपात काय अवस्था होईल!

तिसरा प्रकार निराळा. पॅनासॉनिकच्या जीएच१ या कॅमेऱ्यासाठी २०१० मध्ये जी युक्ती निघाली, तीत कंपनीचीच फाइल बदलून ती मूळ आज्ञावलीच्या जागी लिहावी लागे. हे लेखन मध्येच तुटले, तर कॅमेरा पुन्हा सुरूच न होण्याची भीती असते. ही भीती कंपनीची अधिकृत आज्ञावली घालतानाही असतेच. फरक एवढाच की तेथे दाद मागावयास कोणी तरी असतो.

आता, कंपनीने घातलेली बंधने आपल्या हितासाठीच असतात काय? नेहमीच नाही. अनेक कॅमेऱ्यांचे चित्रण २९ मिनिटे ५९ सेकंदांवर थांबत असे. कारण युरोपच्या जकातीत तीस मिनिटांहून अधिक चित्रण करणारे यंत्र व्हिडिओ कॅमेरा ठरून त्यावर जादा कर बसे. हे कुलूप जकातदाराचे. ते उघडल्याने यंत्राचे काही बिघडत नाही. उष्णतेसाठी घातलेल्या मर्यादेची गोष्ट मात्र वेगळी. २०१३ मध्ये मॅजिक लँटर्नने ५डी मार्क थ्रीवर कच्चे चित्रण शक्य केले. १९२० गुणिले १०८० बिंदू, प्रत्येकी १४ बिट, सेकंदाला २४ चित्रे : हिशेब केला तर सेकंदाला सुमारे ८७ मेगाबाइट होतात. ६४ गिगाबाइटचे कार्ड बारा मिनिटांत भरते. एवढा भार सोसताना यंत्र तापणार, आणि कार्ड मंद असेल तर चित्रण मध्येच तुटणार.

आणखी एका गोष्टीकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. परकी आज्ञावली मूळ फर्मवेअरच्या नेमक्या एका आवृत्तीवरच चालते. ५डी मार्क टूला २.१.२ हवी म्हणजे तीच हवी. त्यामुळे कंपनीच्या पुढील सुधारणा घेता येत नाहीत. २०१९ मध्ये चेक पॉइंट या इस्रायली संस्थेच्या संशोधकांनी कॅननच्या ८०डी कॅमेऱ्यात वायफायवरून शिरून आतील छायाचित्रे कुलूपबंद करून दाखविली आणि कंपनीला नवी आज्ञावली काढावी लागली. अशा वेळी जुन्याच आवृत्तीवर अडून राहणे ही किंमत आहे, आणि अनोळखी ठिकाणची फाइल उतरविणे हा तर उघड वेडेपणा.

हमीचे काय? मालकाने केलेल्या फेरफारांची जबाबदारी हमीपत्रे सर्वसाधारणपणे घेत नाहीत. आमच्याकडे ह्याला एक जास्तीचा पदर आहे. येथील पावसाळ्याचा ओलावा भिंगावर बुरशी चढवतो, जोडण्या गंजवतो. असा बिघड झाला आणि कॅमेऱ्यात परकी आज्ञावली सापडली, तर दोष पावसाचा की आज्ञावलीचा, हा वाद उभा राहणार. आणि पावसाला साक्षीला बोलावता येत नाही. अर्थात, ज्या कॅमेऱ्यांसाठी या आज्ञावली प्रामुख्याने आहेत, त्यांतील बहुतेकांची हमी केव्हाच संपली आहे, हेही खरे.

म्हणून माझे मत असे की, कपाटात पडलेल्या जुन्या पॉवरशॉटवर सीएचडीके खुशाल घालावी. ढग टिपावेत, रात्री तारप्याच्या तालावर फिरणारे वारली नर्तक टिपावेत. ज्या एकाच कॅमेऱ्यावर लग्नसराईत घर चालते, त्याला मात्र हात लावू नये. तो अडला, तर बयाणा परत करता येईल, मुहूर्त परत आणता येणार नाही. ज्यांना मॅजिक लँटर्न घालावयाचीच असेल, त्यांनी मूळ आवृत्ती जुळवून पाहावी, बॅटरी पुरती भरून घ्यावी आणि एक साधे कार्ड खिशात ठेवावे. पुढे तो कॅमेरा कोणाला विकावयाचा झाला, तर आतील ती खूण आधी पुसावी, किंवा निदान घेणाऱ्याला ती दाखवून द्यावी.