घळई खाजगी, वाट सर्वांची

नदी सर्वांची असते, असे म्हणण्याचा प्रघात आहे. परंतु नदीचे सर्वांत देखणे रूप जेथे प्रकट होते, त्या घळईकडे जाणारी पायवाट बहुधा कोणाच्या तरी शेतातून, कुरणातून किंवा राईतून जाते. सुट्टीच्या दिवशी शहरातून माणसे येतात. बांध तुडविला जातो, उभ्या पिकात वाट पडते, फाटक उघडे राहून गुरे बाहेर जातात आणि मागे कागद, बाटल्या व चुलीची राख उरते. मग एके दिवशी जमीनमालक वाटेवर काटेरी कुंपण घालतो. पाहुणा म्हणतो, निसर्ग सर्वांचा आहे. मालक म्हणतो, जमीन माझी आहे. दोघांचेही म्हणणे खोटे नाही. म्हणूनच हा तंटा एका बाजूला दोष देऊन मिटत नाही.

हा प्रश्न कोणकोणत्या मार्गांनी सुटू शकतो, हे पाहण्यासाठी अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्याचे उदाहरण उपयोगी आहे. न्यूयॉर्क म्हटले की उत्तुंग इमारतींचे महानगर डोळ्यांपुढे उभे राहते. पण त्याच नावाचे राज्य उत्तरेस कॅनडाच्या सीमेपर्यंत पसरले असून त्यात डोंगर, अरण्ये व सरोवरे विपुल आहेत. या एकाच राज्यातील तीन घळया प्रारंभी खाजगी मालकीच्या होत्या. पुढे तिघींची वाट वेगळी झाली. एक खाजगीच राहिली, दुसरी सरकारने विकत घेतली आणि तिसरी मालकाने जनतेला दान केली.

यांपैकी पहिली ऑसेबल नदीची घळई होय. ॲडिरॉन्डॅक पर्वतात उगम पावणारी ही नदी शॅम्प्लेन सरोवरास मिळण्यापूर्वी वालुकाश्माच्या एका अरुंद भेगेतून जाते. हा खडक सुमारे पन्नास कोटी वर्षांपूर्वी उथळ समुद्राच्या काठावर साचलेल्या वाळूपासून बनलेला आहे. त्याचे थर एखाद्या जुन्या ग्रंथाच्या पानांसारखे एकावर एक रचलेले दिसतात. घळई मात्र वयाने लहान आहे. शेवटच्या हिमयुगातील बर्फ वितळल्यानंतर नदीने खडकातील जुन्या भेगा धरून ती कोरली. काही ठिकाणी दोन्ही बाजूंचे कडे शंभर फुटांहून अधिक उंच, परंतु पात्र इतके निमुळते की सारी नदी एखाद्या गल्लीतून गेल्यासारखी वाटते.

ही घळई १८७० मध्ये पाहुण्यांसाठी खुली झाली आणि तेव्हापासून आजतागायत ती खाजगी व्यवस्थेखाली आहे. येथे येणारा प्रवासी प्रथम प्रवेशशुल्क देतो. मग आखलेल्या वाटेने, कठडे धरून, दगडी पायऱ्या व पूल ओलांडीत तो खाली उतरतो. इंद्रधनुष्याचे नाव धारण करणारा धबधबा, हत्तीच्या मस्तकासारखा दिसणारा सुळका आणि पाण्याने घोटून गुळगुळीत केलेला खोल गोल खळगा त्याला क्रमाने पाहावयास मिळतात. शेवटच्या टप्प्यात तो नावेतूनही जाऊ शकतो. वाट सोडून हवे तिकडे फिरण्याची मात्र त्यास मोकळीक नसते. पाहुणा येथे हक्काने येत नाही. तो परवानगीने येतो आणि त्या परवानगीच्या अटी प्रवेशद्वाराशीच ठरतात.

या व्यवस्थेचा गुण असा की जबाबदारी कोणाची, याविषयी संदेह राहत नाही. १९९६ मधील महापुराने येथील पूल व पायवाटा वाहून नेल्या. त्या पुन्हा उभारण्याचा भार चालकांवर पडला आणि पुढे वाट पुन्हा खुली झाली. जो शुल्क घेतो त्यानेच कठडा सांभाळावयाचा, धोक्याच्या दिवशी फाटक बंद ठेवावयाचे, असा हा सरळ हिशेब आहे. उणीवही तितकीच उघड आहे. ज्याच्या खिशात पैसे नाहीत त्याला घळई दिसत नाही. शिवाय मालकाचे मन पालटले, किंवा मालकच बदलला, तर वाट खुली राहीलच अशी हमी कोण देणार?

दुसरी घळई वॉटकिन्स ग्लेन येथील होय. सेनेका सरोवराच्या दक्षिण टोकाशी एक लहानसा ओढा अवघ्या दोन मैलांत सुमारे चारशे फूट खाली उतरतो व त्या उतारात एकोणीस धबधबे निर्माण करतो. एका धबधब्याच्या मागून, पाण्याचा पडदा व खडक यांच्यामधून वाट जाते. घळईच्या वाटेवर आठशेहून अधिक दगडी पायऱ्या आहेत. १८६३ मध्ये हे स्थळ खाजगी सहलस्थान म्हणून सुरू झाले आणि चार दशके तसेच चालले. १९०६ मध्ये न्यूयॉर्क राज्याने ते विकत घेऊन सार्वजनिक उद्यान केले.

सरकारी मालकी आली म्हणजे प्रश्न संपतात, असे मात्र येथेही झाले नाही. १९३५ च्या पुराने घळईतील बांधकाम उद्ध्वस्त केले. तो महामंदीचा काळ होता. संघ शासनाने बेकार तरुणांची जी संवर्धन पथके उभारली होती, त्यांच्या हातून येथील वाटा नव्याने बांधण्यात आल्या. लोखंड व काँक्रीट उठून दिसू नये, यासाठी दगडी काम करण्यात आले. रोजगार हमी योजनेच्या महाराष्ट्रात या प्रयोगाचे मर्म वेगळे सांगावयास नको. एकाच श्रमातून तरुणांना मजुरी मिळाली आणि गावाला टिकाऊ वाट मिळाली. आजही हिवाळ्यात बर्फामुळे वाट निसरडी होते व घळई बंद ठेवली जाते. मालक सरकार असले तरी जबाबदार मालकाला कधी कधी ‘आज नाही’ असे म्हणावेच लागते.

तिसरी कथा जेनेसी नदीच्या घळईची आहे. विल्यम प्रायर लेचवर्थ हे बफेलो शहरातील उद्योजक. त्यांनी १८५९ पासून या घळईच्या काठची जमीन घेण्यास प्रारंभ केला. लाकूडतोडीने उजाड झालेल्या त्या भूमीवर त्यांनी वृक्ष लावले, वाटा आखल्या आणि पुढे धंद्यातून निवृत्त होऊन आपले आयुष्य अनाथ, मनोरुग्ण व निराधार यांच्या सेवेस वाहिले. शतकाच्या अखेरीस या नदीवर धरण बांधून वीज निर्माण करण्याच्या योजना पुढे येऊ लागल्या. आपल्या पश्चात ही जमीन कोणाच्या हाती जाईल व धबधब्यांचे काय होईल, ही चिंता वृद्ध लेचवर्थ यांना लागली. १९०६ मध्ये त्यांनी आपली सुमारे एक हजार एकर जमीन राज्याला देऊ केली व पुढच्याच वर्षी तिचा स्वीकार झाला. हयातीत तेथे राहण्याचा हक्क त्यांनी स्वतःकडे ठेवला होता. १९१० मध्ये त्यांचे निधन झाले. आज त्यांच्या नावाचे उद्यान चौदा हजार एकरांहून मोठे आहे.

याही कथेला दुसरी बाजू आहे. खालच्या खोऱ्यातील गावांना व रॉचेस्टर शहराला पुराचा तडाखा वारंवार बसत असे. त्यामुळे घळईच्या उत्तर टोकाशी माऊंट मॉरिस येथे पूरनियंत्रणासाठी धरण बांधावेच लागले. ते १९५२ मध्ये पूर्ण झाले. तीन मोठे धबधबे मात्र वाचले. सौंदर्य आणि सुरक्षितता यांचा मेळ घालताना कोणती जागा कोणत्या कामासाठी, हा विवेक निर्णायक ठरतो.

या तिन्ही उदाहरणांमागे कायद्याची एक बाजू आहे व ती ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी लक्षात घेण्याजोगी आहे. आपल्या जमिनीवर पाहुणा घसरून पडला तर भरपाई आपल्यालाच द्यावी लागेल, हे मालकाचे पहिले भय असते. न्यूयॉर्कच्या कायद्याने यावर एक तोड काढली. जो मालक पदभ्रमण, मासेमारी यांसारख्या ठराविक कारणांसाठी आपली जमीन विनामोबदला वापरू देतो, त्याच्यावर सामान्यतः अपघाताचे दायित्व येत नाही. जाणूनबुजून वा द्वेषबुद्धीने धोका लपविला असेल तर गोष्ट वेगळी. परंतु जो शुल्क घेतो त्याला हे संरक्षण नाही. औदार्य दाखविणाऱ्यास अभय व व्यवसाय करणाऱ्यावर दायित्व, अशी ही विभागणी आहे.

महाराष्ट्रात या विषयाची जमीन थोडी निराळी आहे. अमेरिकेत नौकानयनास अयोग्य अशा लहान प्रवाहाचे पात्रदेखील काठच्या मालकाचे असू शकते. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ याच्या कलम २० अन्वये मात्र, ज्यावर कोणाचा हक्क प्रस्थापित झालेला नाही अशा नद्या, ओढे, नाले व त्यांची पात्रे ही राज्य शासनाची मालमत्ता आहेत. तेव्हा घळई बहुधा शासनाची, पण तिच्या काठाची जमीन शेतकऱ्याची, अशी स्थिती येथे उद्भवते. याच अधिनियमाच्या कलम १४३ अन्वये तहसीलदार शेताच्या हद्दीवरून रस्ता देऊ शकतात. पण ती तरतूद शेतकऱ्याला आपल्या शेतात जाता यावे यासाठी आहे. सहलीला आलेल्या पाहुण्यासाठी ती नाही. म्हणून पाहुण्याची वाट ही मुख्यतः मालकाच्या संमतीवर अवलंबून राहते.

येथे शेतकऱ्याचे दुसरे भय आडवे येते. आज चार माणसांना जाऊ दिले, तर उद्या तोच कायमचा रस्ता ठरेल आणि जमीन हातची जाईल, अशी त्याला धास्ती वाटते. ही धास्ती समजावून दूर करणे शक्य आहे. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ नुसार वहिवाटीने वाटेचा हक्क मिळण्यासाठी ती वाट शांततेने, उघडपणे, अखंड आणि हक्क म्हणून वीस वर्षे वापरात असावी लागते. मालकाच्या परवानगीने झालेला वापर हा ‘हक्क म्हणून’ झालेला वापर नव्हे. त्यामुळे परवानगी लेखी असेल, तिची मुदत व अटी नमूद असतील, तर पाहुण्याची सोय होते आणि मालकाचा हक्कही अबाधित राहतो. ज्या गावात अशी नोंद ठेवली जात नाही, तेथे संशयापोटी कुंपण उभे राहते.

ऑसेबलच्या पात्रातील जो गोल खळगा पाहण्यासाठी दूरदूरचे लोक शुल्क देऊन येतात, त्याची भावंडे महाराष्ट्रातही आहेत. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याच्या पारनेर तालुक्यात निघोज येथे कुकडी नदीच्या पात्रात रांजणखळग्यांची विलक्षण रचना आहे. खडक तेवढा निराळा. तेथे वालुकाश्म, तर येथे ज्वालामुखीच्या लाव्ह्यापासून बनलेला बेसॉल्ट. कार्य मात्र एकच. पाण्याच्या भोवऱ्यात सापडलेले दगडगोटे गरगर फिरत राहतात व खडकाला रांजणासारखे कोरीत जातात. काठावर मळगंगा देवीचे स्थान असल्याने भाविकांची वर्दळही येथे असते. खळग्यांच्या कडा गुळगुळीत व आतील पाणी खोल असते. वरच्या बाजूस पाऊस झाला तर येथे ऊन असतानाही पात्रातील पाणी चढू शकते. अशा ठिकाणी सौंदर्याचे वर्णन करणाऱ्या फलकाइतकाच धोक्याची सूचना देणारा फलकही आवश्यक ठरतो.

घळई, धबधबा किंवा डोह लाभलेल्या प्रत्येक गावाने पहिल्या सहलीचा हंगाम येण्यापूर्वी काही गोष्टी ठरवून ठेवणे हिताचे आहे. पात्र कोणाचे व काठ कोणाचा, हे तलाठ्याकडील अभिलेख व मोजणीचा नकाशा पाहून निश्चित करावे. वाट एकच असावी व ती पिकाच्या कडेने जावी. मालकाशी लेखी करार करून त्यास त्याच्या झळीचा योग्य मोबदला मिळावा. वाहने गावाजवळच थांबावीत, म्हणजे गावातील चार हातांना कामही मिळते. कठडा कोणी दुरुस्त करावयाचा, कचरा कोणी उचलावयाचा आणि नदीला पाणी आल्यावर वाट कोणी बंद करावयाची, हे ग्रामसभेत सर्वांसमक्ष ठरावे. अपघात घडून गेल्यानंतर या प्रश्नांची उत्तरे शोधण्यात अर्थ नसतो.

शिक्षकांचे कार्य याहून दूरगामी आहे. सहलीला निघालेल्या मुलांना रांजणखळगा कसा तयार होतो हे सांगताना, आपण ज्या बांधावरून चाललो आहोत तो कोणाच्या तरी घामाने घातलेला आहे, हेही सांगता येते. फाटक जसे होते तसे पुन्हा लावून घेणे, पिकात पाय न टाकणे, निघण्यापूर्वी मालकाला भेटून दोन शब्द बोलणे, हे धडे क्रमिक पुस्तकात नसतात. पण ज्या शाळेची मुले ते शिकतात, त्या शाळेसाठी पुढच्या वर्षी वाट मोकळी असते.

ऑसेबलला तिकीट लागले, वॉटकिन्स ग्लेनला राज्याची तिजोरी लागली आणि जेनेसीला एका माणसाचे औदार्य लागले. तिन्ही ठिकाणी घळई पाहण्याची कोणी तरी किंमत मोजली आहे. ती एकट्या शेतकऱ्याने मुकाट्याने सोसावी, अशी अपेक्षा जेथे केली जाते, तेथे आज ना उद्या वाट बंद होते. ती किंमत पाहुणा, गाव व शासन यांनी वाटून घेतली, तर जमीन ज्याची त्याची राहूनही घळईची वाट सर्वांना मोकळी राहू शकेल.