भूकंपप्रवण डहाणू-तलासरी आणि अभियंत्याचा परवाना

नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू व तलासरी तालुक्यांत, विशेषतः धुंदलवाडी परिसरात, भूकंपाचे धक्के वारंवार जाणवू लागले आणि १ फेब्रुवारी २०१९ रोजी त्यांची तीव्रता ४.१ रिश्टरपर्यंत गेली. अशा भूमीत शाळेच्या किंवा घराच्या आराखड्यावर कोणाची सही आहे, हा जीविताचाच प्रश्न ठरतो. तथापि, १९७२ च्या कायद्याने ‘वास्तुविशारद’ म्हणवून घेण्यासाठी नोंदणी सक्तीची केली असली, तरी अभियंत्यांसाठी तसा देशव्यापी कायदा आजही नाही, ही गंभीर उणीव आहे. १९२० साली स्थापन झालेली इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स ‘चार्टर्ड इंजिनिअर’ ही मान्यता देते. ती पात्रतेची व अनुभवाची साक्ष असते, सक्तीचा परवाना नव्हे. संरचना अभियंता, म्हणजे इमारतीचा सांगाडा किती भार आणि हादरे सोसेल याचे गणित मांडणारा तज्ज्ञ, त्याला परवाना देण्याचे काम मुख्यतः स्थानिक नियोजन प्राधिकरणांकडे आहे.

जून २०२४ मध्ये केंद्राने मंजूर केलेले वाढवण बंदर आणि याच पट्ट्यातून जाणारी मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेन यांमुळे जबाबदार सहीची मागणी वाढेल, असे मानण्यास आधार आहे. परंतु तिची खरी निकड पाड्यांवरील त्या लहान घरांना आहे, ज्यांच्या भिंती उभारताना अभियंत्याला क्वचितच विचारले जाते.