अस्वलाच्या वाटेला न जाता

श्रोतेहो, फाल्गुन लागला की सातपुड्यातली मोहाची झाडं पानं टाकून फुलांवर येतात. फुलं रात्री उमलतात आणि पहाटे गळून पडतात. यावल-रावेरच्या डोंगरपट्ट्यात, शिरपूरच्या वरच्या अंगाला, तोरणमाळच्या पठाराभोवती पावरा, भिल्ल, तडवी घरांतली बायामाणसं टोपल्या घेऊन अंधारातच घर सोडतात. उजाडल्यावर गुरं पोहोचतात, चितळ-सांबर पोहोचतात, मग टोपलीत काय पडणार? त्यामुळे जो लवकर जाईल त्याची फुलं, असा हा हिशोब आहे.

पण याच फुलांवर आणखी एका प्राण्याचं मन असतं. तोही रात्रीचाच निघतो आणि पहाटेपर्यंत झाडाखाली असतो. तो म्हणजे आपलं काळं, झिपरं अस्वल. माणूस खाली वाकून फुलं वेचतो आहे, अस्वल खाली मान घालून फुलं खातं आहे, दोघंही गप्प, आणि दोघांचंही लक्ष जमिनीकडे. अंतर दहा पावलांवर येईपर्यंत एकाला दुसऱ्याचा पत्ता नसतो. अस्वलाचे बहुतेक अपघात असेच होतात. म्हणून आज याच विषयावर चार गोष्टी आपल्याशी बोलायच्या आहेत.

अस्वल कुठं आहे, असं कोणी विचारील. जळगाव जिल्ह्यात यावलचं अभयारण्य 1969 साली झालं. पाल, जामन्या, लंगडा आंबा ही गावं त्याच भागातली. त्या रानात अस्वल आहे. चाळीसगावच्या पाटणादेवीपासून पुढं पसरलेल्या गौताळा-औट्रम घाट अभयारण्याच्या प्राण्यांतही त्याची गणना होते. पूर्वेला बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात तर ते प्रसिद्धच आहे. ज्या डोंगरात वारुळं आहेत, कपारी आहेत, मोह, उंबर, जांभूळ, टेंभुर्णी, बोर, बहावा आहे, ते त्याचं घर.

आता हे घर करून राहणारं जनावर कसं आहे ते पाहू. पूर्ण वाढलेला नर शंभर किलोच्याही वर भरू शकतो. पुढच्या पंजांना बोटाएवढी लांब, वाकडी नखं असतात. ती माणसासाठी नाहीत, वारूळ खणण्यासाठी आहेत. वरच्या जबड्यातले पुढचे दोन दात त्याला नसतात. वारूळ फोडायचं, नाकपुड्या मिटून घ्यायच्या, ओठांची नळी करायची आणि त्या फटीतून उधई ओढून घ्यायची, ही त्याची जेवणाची रीत. त्या ओढण्याचा आवाज शांत रानात शंभर पावलांवरूनही ऐकू येतो. 1791 साली जॉर्ज शॉ नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञानं या लांब नखांवरून त्याला अमेरिकेतल्या झाडाला लोंबणाऱ्या, अतिशय संथ प्राण्याचा भाऊबंद ठरवलं होतं! चूक पुढं दुरुस्त झाली, पण इंग्रजीत त्याचं नाव आजही 'आळशी अस्वल' असंच राहिलं आहे. या नावावर कोणी जाऊ नये. ते माणसापेक्षा जोरात पळतं.

नाक तिखट, पण नजर अधू. खाण्यात रंगलं की कानही कामाचे राहत नाहीत. आणि स्वभाव? वाघाच्या रानात हजारो वर्षं राहिलेलं हे जनावर आहे. अचानक कोणी अंगाशी आलं की पळून जाण्यापेक्षा आधी तुटून पडायचं, ही सवय त्याच्या हाडीमांसी खिळली आहे. ते माणसाला खायला येत नाही. ते घाबरतं, आणि घाबरून मारतं. एवढं एक वाक्य ध्यानात ठेवलं तर पुढची सारी खबरदारी आपोआप समजते.

त्यातही मादी. पिलं बहुधा हिवाळ्यात, कपारीत नाहीतर बिळात जन्मतात, एक किंवा दोन. दोनअडीच महिन्यांनी आई त्यांना पाठीवर घेऊन बाहेर पडते. म्हणजे हिशोब करा: मोहाची फुलं पडायला लागतात, तेव्हाच लेकुरवाळी अस्वलीण रानात फिरत असते. पाठीवर लेकरू असलेली आई माघार घेईल का? बायांनो, हे तुम्हाला मी सांगायला नको.

मग मोह वेचायला जाऊच नये का? तसं म्हणणं सोपं आहे, पण ज्या घरात त्या टोपलीवर मीठ-मिरची आणि पोराची वही अवलंबून आहे, त्या घराला ते पटणार नाही. गौण वनउपज गोळा करण्याचा हक्क 2006 च्या वनहक्क कायद्यानंही मान्य केला आहे. तेव्हा जायचं, पण रीतीनं जायचं.

पहिली गोष्ट, एकट्यानं जाऊ नका. चारपाच जणींनी मिळून जा, आणि नीट फटफटल्याशिवाय झाडाखाली शिरू नका. सगळ्या पाड्यानं मिळून 'उजाडल्यावरच जायचं' असं ठरवलं तर कोणाचंच नुकसान नाही. एकीनं लवकर जायचं ठरवलं की दुसरीलाही जावं लागतं, म्हणून हा निर्णय गावाचा हवा.

दुसरी गोष्ट, आवाज करा. बोलत जा, गाणी म्हणा, काठीला घुंगरू बांधून ती आपटत चला. वळणावर, नाल्यात उतरताना, दाट झुडपापाशी मोठ्यानं बोला. अस्वलाला आधी कळलं तर बहुधा तेच बाजूला होतं. वारा समोरून येत असेल तर तुमचा वास त्याला जात नाही. अशा वेळी आवाज दुप्पट करा. आणि कानाला यंत्र लावून गाणी ऐकत रानात चालणाऱ्या तरुणांनी ते काढून खिशात ठेवावं.

तिसरी गोष्ट, मोहाखालचा पाला जाळू नका. झाडून घ्या. आग डोंगरावर चढते, अस्वलाचं खाणं आणि आसरा दोन्ही जातं, आणि ते पोटासाठी गावाकडं सरकतं.

चौथी गोष्ट, परसाकडे झुडपात एकटं, अंधारात जाऊ नका. आणि कुत्र्याच्या भरवशावर राहू नका. कुत्रं अस्वलावर भुंकून त्याला चिडवतं आणि मग धन्याकडेच पळत येतं.

आता डोंगर चढायला, तंबू ठोकायला येणाऱ्या मंडळींसाठी आणि सहली नेणाऱ्या गुरुजींसाठी थोडं. परदेशी पुस्तकांत लिहिलेलं असतं की अन्न झाडाला टांगा, म्हणजे अस्वल तंबूत येणार नाही. ती अमेरिकेतली अस्वलं शिदोरीच्या वासावर येतात. अन्न झाकून ठेवावं, उष्टंखरकटं टाकू नये, हे आपल्याकडेही चांगलंच. पण आपल्या अस्वलाचा धोका शिदोरीपेक्षा अवचित गाठ पडण्यात जास्त आहे. म्हणून मुक्कामाची जागा नीट निवडा. पाणवठ्यालगत, वारुळाजवळ, फळाफुलाला आलेल्या मोह-उंबराखाली किंवा कपारीच्या तोंडाशी मुक्काम करू नका. गुहा दिसली की आत शिरून पाहण्याचा मोह आवरा. वनखात्याची परवानगी आणि स्थानिक वाटाड्या, दोन्ही घ्या. त्या रानाच्या वाटा त्या गावच्या माणसाइतक्या नकाशाला ठाऊक नसतात. रात्री तंबूबाहेर पडायचं तर बत्ती घेऊन, दोघांनी, बोलत. सहलीत मुलांची रांग ठेवावी, पुढं एक मोठा माणूस आणि मागं एक.

गुरुजी, तुम्हाला एक वेगळी विनंती आहे. दोन मित्र आणि अस्वल ही गोष्ट मुलं पिढ्यान्पिढ्या ऐकत आली आहेत. एक झाडावर चढतो, दुसरा मेल्याचं सोंग घेतो. मैत्रीचा धडा म्हणून ती ठीक आहे, पण रानातला धडा म्हणून ती अर्धी खोटी आहे. आपलं अस्वल झाडावर उत्तम चढतं. मधाच्या पोळ्यासाठी ते उंच फांदीवर जातं. तेव्हा झाड हा आसरा नव्हे. 'अस्वल मेलेल्याला शिवत नाही' हेही खरं नाही. निपचित पडण्याचा उपयोग होतो तो वेगळ्या कारणानं: समोरचा हालत नाही, आता भीती नाही, असं वाटलं की ते निघून जातं. गोष्ट सांगा, पण ही दुरुस्ती जोडून सांगा. डोंगरपट्ट्यातल्या शाळेत तरी अवश्य सांगा.

जुन्या माणसांना अस्वल आठवतं ते दरवेश्याचं. वेसण घातलेलं, नाचणारं, पोरांना पाठीवर बसवणारं. खेळासाठी अस्वल बाळगण्यावर 1998 साली बंदी आली आणि पुढं तो खेळ गावोगावचा उठला. त्या दीनवाण्या जनावराचे बहुधा दातही काढलेले असत. त्यावरून रानातल्या अस्वलाचा अंदाज कोणी बांधू नये. आणि त्याच्या केसाचा ताईत घातल्यानं भीती जाते, ही समजूत तर सोडूनच द्या. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं या प्राण्याला पहिल्या अनुसूचीचं संरक्षण आहे. त्याला मारणं किंवा त्याचे केस, नखं, चरबी बाळगणं हा गुन्हा आहे.

एवढं करूनही समोर आलंच तर? त्यानं तुम्हाला पाहिलं नसेल तर आल्या पावली हळूच मागं फिरा. पाहिलं असेल तर पळू नका. पाठ न दाखवता, हळू आवाजात बोलत, एकेक पाऊल मागं घ्या. ते दोन पायांवर उभं राहिलं म्हणजे हल्लाच करील असं नाही, ते वास घेत असतं. दगड मारू नका. पिलू एकटं दिसलं तर उचलू नका, आई जवळच असते.

अंगावर आलंच आणि गाठलंच, तर पोटावर पालथे पडा. दोन्ही हातांची बोटं मानेमागं गुंफा, कोपरांनी चेहरा झाका. पाठीवर गाठोडं असेल तर राहू द्या. अस्वल चेहऱ्यावर आणि डोक्यावर वार करतं, म्हणून तेच आधी वाचवायचं. ते दूर गेल्याची खात्री होईपर्यंत उठू नका. सोबत्यांनी पांगू नये. एकत्र राहून मोठ्यानं ओरडावं, पण त्याला घेरू नये. निघून जायला वाट मोकळी ठेवावी.

जखम झाली तर स्वच्छ कापड घट्ट दाबून रक्त थांबवा. सुटलेली कातडी कापू नका, जागेवर ठेवून बांधा. हळद, चुना, तंबाखू काही भरू नका. तोंडाला जखम असेल तर कुशीवर निजवा, म्हणजे रक्त घशात जाणार नाही. किरकोळ ओरखडा असला तरी साबणानं, वाहत्या पाण्यानं पाव तास धुवा. 108 ला फोन करून दवाखाना गाठा आणि धनुर्वाताबरोबरच पिसाळ रोगाच्या लसीचं डॉक्टरांना विचारा. वनखात्याला 1926 या क्रमांकावर लगेच कळवा. हल्ल्यात इजा किंवा मृत्यू झाल्यास शासनाकडून अर्थसाहाय्य मिळतं. त्यासाठी पंचनामा आणि डॉक्टरांचा दाखला लागतो, म्हणून कळवायला उशीर करू नका.

मंडळी, सातपुड्यात मोह आपल्यालाही पुरतो आणि त्यालाही पुरतो. पहाटेचा वेळ त्याला सोडा आणि उजाडल्यानंतरचा आपण घ्या. येत्या फाल्गुनात फुलं पडू लागायच्या आधी पाड्यावर एकदा बसून एवढं ठरवून टाका, आणि शाळेतल्या मुलांना पालथं पडून मान झाकायची कशी, हे एकदा मैदानात करून दाखवा.