गावाचा इतिहास गावानंच लिहायचा
(पाटण-शिराळा भागातल्या वनहक्क दावेदारांच्या बैठकीतलं बोलणं, थोडं आवरून)

बायांनो, साथींनो,

मागच्या बैठकीत एक म्हातारबा म्हणाले, "आमच्या वाडीला कसला आलाय इतिहास? इतिहास राजाचा असतो." आम्हाला वाटतं, इथूनच सुरुवात करावी.

२००६ च्या वनहक्क कायद्यानं आदिवासींना १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासूनची वहिवाट विचारली आहे. आपल्यातल्या कातकऱ्यांना तेवढं पुरे. पण गवळी-धनगर, कुणबी यांना कायदा 'इतर पारंपरिक वननिवासी' म्हणतो आणि तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं, मागतो. हिशेब करा. डिसेंबर १९३० निघतं.

आता बिळाशी आठवा. १९३० च्याच पावसाळ्यात बिळाशीकरांनी जंगलातला साग तोडला, त्याचा खांब गावात रोवला आणि वर तिरंगा लावला. राजूबाई कदमांसारख्या बाया पुढे होत्या. शाळेत पोरांना हे झेंड्याची गोष्ट म्हणून शिकवतात. झेंडा होताच, पण खांबही होता! साग कुणाचा, हे भांडण त्या खांबात होतं. सरकारनं त्या काळात जंगल-गुन्ह्याचे जे खटले भरले, त्यांत आरोपीचं नाव, बापाचं नाव, गाव लिहिलेलं असणार. आज आपल्याला हवा तोच कागद. नियम १३ मध्ये कोर्टाचे निकाल पुरावा म्हणून धरलेले आहेत.

असे कागद शोधायला शिराळ्याच्या लोकांनी नुसतं सांगलीला जाऊन भागणार नाही. १९४९ पर्यंत हा सगळा मुलूख सातारा जिल्ह्यातच होता, तेव्हा साताऱ्यालाही जावं लागेल. जुनं बरंच मोडीत आहे. वाचणारा सोबत न्या, नाहीतर कारकून "काही नाही" म्हणतो आणि आपण एस.टी. धरतो. कोतवाल बुकातल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी बघा. ज्यांच्याकडे हेळवी येतो त्यांनी यंदा त्याला नुसतं धान्य देऊन लावू नका. वंशावळ त्याच्याकडून उतरवून घ्या. वंशावळीलाही नियमात जागा आहे.

ज्यांच्याकडे कागदच नाही, त्यांनी जमीन बघावी. पडक्या घराचा चौथरा, बांध, विहीर, मसणवटा, देवाची जागा, हे सगळं नियमात पुरावा म्हणून लिहिलंय. चांदोलीचं अभयारण्य १९८५ साली झालं, धरणात आणि जंगलात वाड्या गेल्या; उठवलेल्या गावठाणात जाती-उखळं अजून पडलेली असतात. ती उचलून आणू नका बरं. जिथं आहेत तिथं पंचनामा करा.

आणि म्हाताऱ्यांचे जबाब घ्या. जबाब देणारा स्वतः दावेदार नसावा आणि जबाब लिहून काढलेला असावा, एवढीच अट. "साल कोणतं?" असं विचारू नका, सांगता येणार नाही. कुमरी कुठल्या उतारावर करायचा, सासरी आलात तेव्हा पाणी कुठून आणायचा, पटकीत कोण गेलं, कुठं पुरलं, असं विचारा. बायांना आधी विचारा. पाणवठा त्यांनाच ठाऊक असतो. एका पुराव्यावर दावा टिकत नाही, एकाहून जास्त लागतात. म्हणून जबाबात जी विहीर आली ती जाऊन बघायची, नकाशावर लावायची.

पुढच्या बैठकीला प्रत्येक वाडीनं एक दोनशेपानी वही आणावी. पहिल्या पानावर वाडीतल्या सगळ्यांत म्हाताऱ्या बाईचं नाव घालावं. ते म्हातारबाही येणार आहेत, त्यांना आमच्याकडून सांगावा द्या.