किडीचा पुतळा उभारणारा जिल्हा



आपण पोळ्याला बैल पूजतो, नागपंचमीला नाग पूजतो. पण ज्या किडीने उभे पीक खाल्ले, तिचा पुतळा भर रस्त्यात उभारलेला कुणी पाहिला आहे काय? अमेरिकेत असा पुतळा आहे. तो का उभारला आणि त्यातून आपण काय घ्यायचे, ते आज सांगतो.

अमेरिकेच्या दक्षिणेला अलाबामा नावाचे राज्य आहे. त्याच्या आग्नेय कोपऱ्यात कॉफी काउंटी आहे. काउंटी म्हणजे तिथला जिल्हा, पण आकाराने आपल्या मोठ्या तालुक्याएवढा. नाव ऐकून तिथे कॉफीचे मळे असतील असे वाटेल. तसे काही नाही. जॉन कॉफी नावाच्या सेनापतीवरून १८४१ साली हे नाव पडले. मूळची ही जमीन क्रीक आदिवासींची. १८१४ च्या तहात ती त्यांच्याकडून काढून घेतली गेली.

जमीन रेताड, निचऱ्याची. पाऊस पन्नास इंचांहून जास्त आणि तो बारा महिने विभागून पडतो. पी नावाची नदी मधून वाहते. पूर्वी सगळे पाइनचे रान होते. लोक लाकूड तोडीत, झाडांचा चीक काढून टर्पेंटाइन करीत. १८९८ च्या सुमारास एंटरप्राइज गावी रेल्वे आली, रान मोकळे झाले आणि जिकडेतिकडे कापूस झाला.

आता कापूसच का? दुकानदार बी, खत आणि घरचा दाणागोटाही उधार देई, पण तो कापसाच्या तारणावर. वाटेकऱ्याने दुसरे पीक लावतो म्हटले, की उधारी बंद. म्हणजे पीक शेतकरी ठरवीत नव्हता, उधारीची वही ठरवीत होती. हे ऐकून तुम्हाला काही आठवले असेल!

अशात मेक्सिकोकडून एक भुंगा आला. लांबी जेमतेम पाव इंच, पुढे लांब सोंड. १८९२ च्या सुमारास तो टेक्सासमध्ये शिरला आणि दरसाल पुढे सरकत १९१५ साली कॉफी काउंटीत पोचला. मादी सोंडेने पात्याला भोक पाडते, आत अंडे घालते. अळी आतूनच खाते आणि पाते गळून पडते. अंड्यापासून भुंगा व्हायला तीन आठवडे लागतात, म्हणजे एका हंगामात अनेक पिढ्या. हिवाळ्यात तो पाचोळ्यात आणि रानाच्या कडेला दडून बसतो. हा भुंगा आपल्याकडे नाही. आपली शेंदरी बोंडअळी निराळी. पण पात्या-बोंडांच्या आत लपून खाण्याची खोड तीच.

निम्म्याहून जास्त कापूस बुडाला. कर्ज फिटेना. तेव्हा एंटरप्राइजच्या सेशन्स नावाच्या गृहस्थांनी भुईमुगाचा विचार मांडला. १९१६ साली बॅस्टन नावाच्या एका कर्जबाजारी शेतकऱ्याला त्यांनी तयार केले. पीक चांगले आले आणि ते आजूबाजूच्या शेतकऱ्यांनीच बियाणे म्हणून विकत घेतले. बॅस्टनचे कर्ज फिटले. पुढच्या एक-दोन वर्षांत ही काउंटी भुईमुगात देशात आघाडीवर गेली. त्याच राज्यात टस्कीगी येथे जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर हे कृष्णवर्णीय शास्त्रज्ञ कापसाने थकलेल्या जमिनीला भुईमुगाचा बेवड द्या, असे कधीपासून सांगतच होते. भुईमुगाच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र धरतात, हे तुम्ही जाणताच.

११ डिसेंबर १९१९ रोजी एंटरप्राइजच्या लोकांनी पुतळा उभारला. हात वर केलेली एक स्त्री. तिच्या हातावर भुंगा बसवला तो पुढे तीस वर्षांनी, १९४९ साली. भुंग्याने आम्हाला सुबत्तेची वाट दाखवली, म्हणून त्याचे आभार, असा पुतळ्याचा अर्थ.

इथवरची गोष्ट नेहमी सांगितली जाते. पुढची कमी सांगतात. भुईमुगाला भाव होता, कारण पहिले महायुद्ध चालू होते, तेलाला मागणी होती आणि सरकी गाळणाऱ्या गिरण्या भुईमूगही गाळू लागल्या होत्या. युद्ध संपले, भाव पडला आणि कित्येकजण पुन्हा कापसाकडे वळले. म्हणजे भुंग्याने कुणाचे भले केले नाही. बी मिळाले, घेणारा मिळाला आणि पहिल्या खेपेचा धोका वाटून घेणारा भेटला, म्हणून पीक बदलले.

आणि भुंग्याचे काय झाले? फवारे मारून तो हटला नाही. १९७८ पासून अमेरिकेत मोहीम निघाली. गंधसापळे लावून भुंगा कुठे आहे ते आधी पाहायचे, मग तेवढ्यावरच घाव घालायचा. शेतकऱ्यांनी मतदान करून मोहिमेत भाग घेतला, एकरी वर्गणी दिली. एकाने केले आणि शेजाऱ्याने नाही, असे चालू दिले नाही. आज तो अलाबामात नाही. काउंटीत आता भुईमूग आहे, कापूस आहे, कोंबडीपालन मोठे आहे, शेजारी लष्कराचे हेलिकॉप्टर शिकवण्याचे केंद्र असल्याने नोकऱ्याही आहेत. एक पाय घसरला तर दुसरा सावरतो.

बंधूंनो, यातून एवढे ध्यानात ठेवा:

१. सगळा संसार एका पिकावर टांगू नका. कपाशीत मूग, उडीद किंवा तुरीच्या ओळी घ्या. जमेल तिथे कपाशीनंतरच्या साली भुईमूग, सोयाबीन किंवा ज्वारी घेऊन फेरपालट करा.

२. नवे पीक घेण्याआधी तीन गोष्टी विचारा. बी कुठे मिळेल? माल कोण घेईल? भाव पडला तर काय? पहिल्या साली अर्धा-एक एकरच करून पाहा.

३. फरदड ठेवू नका. वेचणी संपली की पऱ्हाटी उपटा, बांधावर रचून ठेवू नका. खोल नांगरट करा.

४. पाते लागण्याच्या सुमारास कामगंध सापळे लावा. सापळ्यात पतंग दिसल्यावर आणि गळालेली पाती, बोंडे फोडून पाहिल्यावरच औषधाचा निर्णय घ्या.

५. हे गावाने मिळून करा. कीड सात-बारा पाहून शिरत नाही.

त्या गावाने पुतळा उभारला तो किडीचे सगळे नुकसान सोसल्यावर. आपण तेवढी वाट कशाला पाहायची? येत्या पेरणीआधी घरात बसून, बाईमाणसांनाही विचारून, कुठल्या रानात काय घ्यायचे ते कागदावर मांडा.