शतावरी : मुळी आणि डबा
(सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक मेळाव्यात केलेले भाषण)



मी काही वैद्य नाही. आयुष्य बँकेत कर्जाची कागदपत्रं वाचण्यात गेलं. पण हल्ली आपल्याकडे घरोघरी शतावरीचे डबे दिसतात, म्हणून हा विषय घेतला. फेब्रुवारी २०२५ मध्ये आयुष मंत्रालयाने शतावरीची देशव्यापी मोहीम सुरू केली. ती सुरू करणारे मंत्री प्रतापराव जाधव आपल्याच बुलढाण्याचे खासदार, त्यामुळे इकडे चर्चा जरा जास्तच झाली.

शतावरी ही काटेरी वेल. तिची पानं म्हणून आपण जे पाहतो ते सुईसारखे बारीक हिरवे फाटे असतात. खाली मात्र बोटाएवढ्या जाड, पांढुरक्या मुळ्यांचा झुबका. म्हणूनच तिला शतमूली असंही नाव आहे. मुळी सोलायची, मधली दोरीसारखी शीर ओढून काढायची आणि वाळवायची. चवीला गोड, किंचित कडवट. आयुर्वेदाने तिला शीत आणि बल्य म्हटलं आहे. आम्लपित्त, अंगाचा दाह, अशक्तपणा आणि बाळंतिणीचं दूध, हे तिचे जुने उपयोग. आपले शेतकरी दुभत्या जनावरांना देतात तेही दुधासाठीच.

आता विज्ञान काय म्हणतं? मुळीत शतावरीन नावाची सॅपोनिन द्रव्यं आहेत, शिवाय पिष्टमय पदार्थ आणि तंतू. दुधाबाबत मात्र निकाल एकसारखे नाहीत. १९९६ मध्ये इंडियन पेडिअॅट्रिक्समध्ये आलेल्या चाचणीत फायदा दिसला नाही. २०११ च्या एका चाचणीत प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढलेलं आढळलं. म्हणून सुनेला दूध कमी येत असेल तर आधी डॉक्टर, बाळाला वारंवार पाजणं, मग कल्प. डबा आणला की काम झालं, असं नाही.

आणि डबा म्हटला की लेबल वाचा! कल्पात बहुधा सगळ्यात मोठा घटक साखरच असतो. आपल्यात मधुमेही किती आहेत ते सांगायला नको. “आयुर्वेदिक आहे, चालतं,” म्हणून दुधात दोन-दोन चमचे घालणारे मी पाहिले आहेत. त्यांनी साखर नसलेलं चूर्ण वैद्यांना विचारून घ्यावं. लघवीच्या गोळ्या चालू असतील किंवा स्तनाचा, गर्भाशयाचा कर्करोग झालेला असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच.

आणखी एक. आपल्या बागेतल्या कुंडीत जी नाजूक पिसांसारखी ‘अॅस्परॅगस फर्न’ आहे, ती वेगळी जात. तिची मुळी उपटून कोणी उकळू नये, आणि लाल फळं नातवंडांनी तोंडात घालू नयेत. हॉटेलात मिळतो तो अॅस्परॅगसही निराळा, त्याचे कोंब खातात.

मुळ्या खणल्या की वेल जाते. सातपुड्याच्या अंगाला अंबाबरवा अभयारण्य आहे, तिथून कोणी आणून देतो म्हटलं तर घेऊ नका. तो गुन्हा आहे. त्यापेक्षा कंपाउंडच्या भिंतीलगत चार वेली लावू. पावसाळ्यात रोपं लावायची, आधाराला काठी द्यायची, पाणी साचू द्यायचं नाही. दीड-दोन वर्षांनी मुळ्या काढताना कोंबाकडचा गड्डा परत मातीत पुरला, तर वेल पुन्हा फुटते.